सांधा पुन्हा पुन्हा का सुटतो आणि पॉलिशखाली गमाचे डाग का उमटतात

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक खुर्च्यांना आधी कुणीतरी एकदा तरी गम पाजलेला असतो. कधी दोनदा, आणि वर एखादा खिळाही. मालकाचं निदान ठरलेलं: गमच बोगस निघाला. बोगस गम मी पाहिलाय, पण क्वचित. एरवी घोळ गम लावण्याच्या आधी झालेला असतो, नाहीतर लावल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

खालचं बहुतेक सगळं पांढऱ्या-पिवळ्या, पाण्यातल्या गमाबद्दल आहे, म्हणजे पीव्हीएबद्दल. सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा जुना गम), इपॉक्सी, पॉलियुरेथेन जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

- सांधा हलतो, बसता-उठता कुरकुरतो, पण ओढून निघत नाही.
- सांधा एका झटक्यात सुटला आणि दोन्ही बाजू स्वच्छ, गुळगुळीत आहेत.
- सांधा सुटला, पण लाकडाचे तंतू उपटून घेऊन.
- फळ्या जोडून केलेल्या पाटाचा सांधा टोकांना उघडलाय, मध्ये मात्र घट्ट आहे.
- सांध्यावरून बोट फिरवलं की बारीक उंचवटा किंवा पन्हळ लागते.
- पॉलिश चढल्यावर सांध्याच्या आजूबाजूला फिकट, ढगाळ डाग दिसतात.
- सांधा आवळायचा क्लॅम्प बसला होता तिथे निळसर काळा डाग पडलाय.

पहिली चार लक्षणं ताकदीची आहेत, शेवटची तीन साफसफाईची. दोन्हींचं मूळ बरेचदा एकच असतं: गम लावताना झालेली घाई.

१. आधी तुटलेला सांधा वाचा

याला खर्च शून्य, आणि हीच पायरी सगळे गाळतात. सांधा सुटला की हात आधी गमाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरा. शक्यतो भिंगाखाली.

तंतू उपटले गेले असतील, म्हणजे एका बाजूचं लाकूड दुसऱ्या बाजूला चिकटून राहिलं असेल, तर गमाने आपलं काम चोख केलंय. लाकूड हरलंय. अशा ठिकाणी जास्त जोरकस गम आणून काही होणार नाही. सांध्यावर येणारा भार किंवा सांध्याची घडण बघावी लागेल.

एका बाजूला गम आणि दुसरीकडे कोरं लाकूड असेल, तर गम एकाच बाजूला लावला गेला आणि जोडेपर्यंत सुकला, किंवा समोरच्या बाजूला मेण, तेल, जुनं पॉलिश, धूळ असं काहीतरी होतं. गम खडूसारखा पांढरा, भुसभुशीत दिसला तर तो थंडीत वाळलाय. जाड थर आणि त्यात बुडबुडे दिसले तर सांध्यात फट होती आणि गमाकडून लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, काम करून घेतलंय.

सगळ्यात फसवी खूण म्हणजे चकाकणारी कातडी. मागे एका खुर्चीच्या आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, बाहेर काढलं. त्यावर गमाचा छान अखंड पापुद्रा होता, आणि त्या पापुद्र्यावर ब्रशच्या केसांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. खाचेच्या भिंतीवर पटाशीचे घाव होते, पण त्यांचा ठसा गमावर कुठेच नव्हता. म्हणजे हा गम समोरच्या लाकडाला कधी लागलाच नाही. ब्रशने लावला, तसाच वाळला, आणि खुर्ची इतके दिवस नुसत्या घर्षणावर उभी राहिली. गम भरपूर होता, जातीचाही चांगला होता. सांधा मात्र कधी जुळलाच नव्हता.

२. बाटली तपासा

बोटांत गम चोळून बघा. गाठी लागल्या, चिकट तार सुटली किंवा आंबूस वास आला तर बाटली बाजूला ठेवा. पीव्हीए म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण. पाणी लाकडात मुरतं, कण एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा पातळ पडदा तयार होतो. बाटली कधी गोठली असेल तर हे कण आधीच एकमेकांना चिकटलेले असतात, मग लाकडाला काय चिकटणार? पाणी घालून पातळ केलेल्या गमातही कण विरळ होतात.

शंका असेल तर एका दिवसाची परीक्षा घ्या. ताज्या रंधलेल्या दोन तुकड्यांच्या लांब कडा जोडा, क्लॅम्प लावा आणि चोवीस तास थांबा. मग शिकंजात असे धरा की सांध्याची रेघ जबड्याच्या जरा वर राहील, आणि हातोडी मारा. सांध्याशेजारचं लाकूड फाटलं तर गम ठणठणीत आहे. रेघेवरच सुटलं तर बाटली टाकून द्या.

ओल्या जागेतल्या वस्तूसाठी बाटलीवरचा दर्जाही पाहा. युरोपीय मानक ईएन २०४ मध्ये डी१ ते डी४ असे चार वर्ग आहेत. डी१ फक्त कोरड्या जागेसाठी, आणि पुढे पाण्याला टिकण्याची क्षमता वाढत जाते. साध्या गमाने जोडलेलं बाहेरचं बाकडं एक पावसाळा काढत नाही. तो गमाचा दोष नाही, निवडीचा आहे.

३. गम न लावता जोडून पाहा

कुसू खाचेत हाताच्या दाबाने जायला हवं. हातोडी लागत असेल तर ते घट्ट आहे, आत जाताना गम खरवडून बाहेर ढकलतं आणि भिंती कोरड्याच राहतात. उलटं धरल्यावर आपल्या वजनाने पडत असेल तर सैल आहे.

सैल किती, हे कागदाने मोजता येतं. साधा लिहायचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि पीव्हीएची फट भरण्याची ऐपतही तेवढीच. कुसवाच्या बाजूने एक कागद जेमतेम सरकला तर ठीक. दोन-तीन सहज सरकले तर कुसवाच्या गालांवर रंध्यातून निघालेल्या पातळ ढलप्या चिकटवून ते जाड करा आणि पुन्हा बसवत छाटा. गमात भुसा कालवून फट भरायची युक्ती सगळे सांगतात. दिसायला फट बुजते, भार मात्र तो लगदा घेत नाही.

फळ्यांच्या कडा जोडताना एकावर एक उभ्या धरून मागे दिवा ठेवा. जिथून उजेड झिरपेल तिथे पुन्हा रंधा. क्लॅम्पने वाकवून फट मिटवली तर तो ताण सांध्यात कायमचा कोंडला जातो आणि पुढे कधीतरी तिथूनच उघडतो.

४. पाण्याचा थेंब

जोडायच्या जागेवर पाण्याचा एक थेंब टाका. ताज्या लाकडावर तो पसरतो आणि मुरू लागतो. एखाद-दोन मिनिटांनंतरही मण्यासारखा टुम्म बसून राहिला तर गमही तसाच वर बसून राहील.

हे का होतं? बोथट पात्याने लाकूड कापलं जात नाही, दाबून चमकवलं जातं आणि त्याची छिद्रं बंद होतात. शिवाय रंधलेला पृष्ठभाग उघडा पडून राहिला की लाकडातले तेलकट अंश हळूहळू वर येतात. म्हणून रंधल्यावर एका दिवसाच्या आत गम लावावा. उशीर झालाच असेल तर धारदार रंध्याची एक ढलपी काढा, किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर हाताने हलकेच फिरवा आणि धूळ झटका.

सागवान, शिसव अशा तेलकट लाकडांवर गम लावण्याच्या जरा आधी अॅसिटोनचं फडकं फिरवून ते उडू द्यावं. अॅसिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको.

"खरखरीत करा, म्हणजे गम धरेल" हा सल्ला मात्र लाकडाला लागू नाही. ओरखड्यांतले तंतू आधीच अर्धवट तुटलेले असतात, गम त्यांना धरतो आणि ते लाकडाला सोडतात. गुळगुळीत आणि ताजा कापलेला पृष्ठभागच सगळ्यात चांगला.

५. वेळ, दाब, थंडी

पीव्हीए लावल्यापासून पाच ते दहा मिनिटांत सांधा बंद व्हायला हवा. पंख्याखाली किंवा कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. वर सांगितलेली ब्रशच्या रेघांची कातडी इथेच जन्मते. एक क्लॅम्प शोधायला आत गेलात की संपलं. म्हणून सगळे क्लॅम्प आधी कोरडे लावून, मापाला उघडून हाताशी ठेवा. गम दोन्ही बाजूंना लावा, आणि जिथे तंतूंची टोकं उघडी असतात तिथे दोनदा, कारण तो भाग पहिला हात गटकन पिऊन टाकतो.

दाबाबद्दल लोक उगाच घाबरतात. "फार आवळलं तर सगळा गम निघून जाईल" असं म्हणत हलकेच आवळतात. हिशोब करून बघू. कठीण लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ ते १७ किलो दाब लागतो, मऊ लाकडाला ७ ते १०. दोन सेंटिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर लांब फळीची कड म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. कठीण लाकूड धरलं तर कमीत कमी १४४० किलो! हाताने फिरवायचे दोन क्लॅम्प तिथे कुठे पुरणार? चार-पाच लावा, प्रत्येकाखाली जाड पट्टी द्या म्हणजे दाब पसरेल. सांध्याच्या पूर्ण लांबीत गमाचे बारीक मणी सारखे फुटले की दाब बरोबर आहे. एखाद्या ठिकाणी मणी नसतील तर तिथे गम कमी पडलाय किंवा फट आहे, आणि हे कळायची वेळ तीच, नंतरची नव्हे. दोरीने आवळलेल्या खुर्चीबद्दल मी इथे बोलत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

तापमान साधारण १० अंशांखाली गेलं तर बहुतेक पीव्हीएचे कण एकमेकांत मिसळत नाहीत आणि खडूसारखा थर उरतो. खोली ऊबदार केली तरी रात्रभर गारठलेलं लाकूड गारच असतं, म्हणून लाकूडही आधी खोलीत आणून ठेवा. क्लॅम्प अर्धा ते एक तास राहू द्या. भार चोवीस तासांनीच.

६. बाहेर आलेला गम कधी काढायचा

यावर सुतारांत दोन तट आहेत आणि दोघेही हट्टी. मी एके काळी ओल्या फडक्याच्या तटात होतो. एका फिकट लाकडाच्या टेबलाचे सगळे सांधे मी जोडल्या जोडल्या ओल्या फडक्याने पुसून काढले. कोरडं झाल्यावर लख्ख दिसत होतं. रंग चढवला आणि प्रत्येक सांध्याभोवती हाताएवढे फिकट ढग उगवले. फडक्याने गम निघालाच नव्हता. पातळ होऊन छिद्रांत भरला होता, आणि छिद्रं बुजल्यावर रंग आत जाणार कुठून?

आता मी थांबतो. वीस ते चाळीस मिनिटांत मणी रबरासारखे होतात, वर कातडी आणि आत मऊ. त्या वेळी बोथट पटाशी किंवा प्लॅस्टिकची पट्टी सांध्याच्या कडेने ढकलली की गमाची सलग दोरी सुटून येते, मागे डाग राहत नाही. वेळ चुकली आणि गम दगड झाला तर स्क्रेपरने खरवडा. पटाशीने उपटायला गेलात तर सोबत लाकडाची चकती येते. पॉलिश पेपरही नको. घर्षणाच्या उष्णतेने गम मऊ होतो आणि पेपर चोंदतो.

आतल्या कोपऱ्यात मात्र पट्टी पोचत नाही. तिथे प्लॅस्टिकची स्ट्रॉ चिमटून कोपऱ्यात सरकवत न्या, ओला गम तिच्या पोटात चढतो. पाणी वापरायचंच असेल तर स्वच्छ पाणी, टूथब्रश, दर वेळी नवं कोरडं फडकं, आणि हे दोनदा. सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे जोडण्याआधीच सांध्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावणं.

पॉलिशच्या आधी सगळ्या सांध्यांवर मिनरल टर्पेंटाइनचं फडकं फिरवा. लाकूड गडद होतं, गम लागलेली जागा फिकट राहते. डाग आत्ताच सापडला तर पाच मिनिटांचं काम, पॉलिशनंतर सापडला तर अख्खा पाट खरवडावा लागतो. डाग काढल्यावर नुसती तेवढीच जागा घासून सोडू नका. पूर्ण फळी एकाच नंबरच्या पेपरने घासा, नाहीतर घासलेला चौकोन वेगळा दिसतो.

क्लॅम्पखालचा काळा डाग हा गमाचा नसतोच. ओला गम, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ती शाई असते. मधे मेणकागद ठेवला की प्रश्न मिटतो. पडलेला डाग ऑक्झॅलिक अॅसिडने जातो, पण ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा हवेतच, नंतर जागा पाण्याने नीट धुवा, आणि वाळलेली पूड घासताना मास्क लावा.

सांध्यावर पन्हळ लागत असेल तर तुम्ही रंधायची घाई केलीय. गमातल्या पाण्याने कडेचं लाकूड फुगतं. त्याच दिवशी सपाट केलं की फुगलेला भाग जास्त कापला जातो आणि वाळल्यावर खाली बसतो. चार-पाच दिवस थांबा.

पॉलियुरेथेनचा फेस पूर्ण वाळल्यावरच कापा, ओला पुसलात तर सगळीकडे पसरतो. आणि फेस भरपूर आला म्हणून खूश होऊ नका, त्यात ताकद नसते.

७. जुना गम काढणं

इथून कष्ट सुरू होतात. वाळलेल्या पीव्हीएवर नवं पीव्हीए धड चिकटत नाही, कारण त्याला मुरायला लाकूडच सापडत नाही. सुईने गम टोचलेले सांधे म्हणूनच परत येतात. सांधा पूर्ण उघडायचा आणि लाकूड दिसेपर्यंत साफ करायचा, याला पळवाट नाही.

जुना गम कोणता ते गरम पाण्याच्या थेंबाने कळतं. चिकट झाला आणि जनावराच्या कातड्यासारखा वास आला तर सरस. पांढरा, रबरी झाला तर पीव्हीए. ढिम्म राहिला तर बहुधा इपॉक्सी. सरस असेल तर नशीब तुमचं: नवा गरम सरस जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो, तेव्हा सुटा भाग काढून थेट लावता येतो. पीव्हीएवर कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, किंवा हेअर ड्रायरने तापवा. मऊ झाला की खरवडा, पाण्याने पुसा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. इपॉक्सीही उष्णतेने ढिला पडतो, पण पुढचं काम पटाशीचंच. झटपट चिकटणारा गम अॅसिटोनने जातो.

खरवडताना गम काढायचा, लाकूड नाही. कुसू सैल झालंच तर पुन्हा ढलप्या.

८. लाकडाची हालचाल

वरचं सगळं नीट केलं आणि तरी सुटतंय? मग लाकूडच सांधा उघडतंय. हवेतल्या ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून रुंद पाटाखाली आडवी पट्टी पूर्ण लांबीत गमाने चिकटवली की ऋतू बदलल्यावर पट्टी सुटते किंवा पाट तडकतो. पट्टी मध्यभागीच पक्की करा आणि टोकांना लांबट भोकांतून स्क्रू द्या.

फक्त टोकांना उघडणारा सांधा ओलं लाकूड वापरल्याची खूण आहे, कारण फळी टोकांकडून आधी सुकते. लाकूड जिथे वापरायचं त्याच खोलीत काही आठवडे ठेवून मग जोडा, आणि जोडायच्या फळ्यांचा ओलावा आर्द्रतामापकाने ताडून पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

शिडी, जिना, छताचं लाकूड, दुमजली पलंग, बाळाचा पाळणा: यांचा सांधा सुटला तर घरी गम लावू नका. चुकलं तर खुर्ची कुरकुरते तसं ते कुरकुरणार नाही, माणूस पडेल. खाचेतून पायाच्या लांबीत चीर गेली असेल, किंवा सांध्यातून बारीक पीठ गळत असेल आणि टाचणीएवढी भोकं दिसत असतील, तर गमाचा विषयच नाही. पीठ म्हणजे कीड. सरसाने जोडलेलं जुनं फर्निचर, वरची पातळ सजावटी साल उचललेली वस्तू आणि तंतुवाद्यं यांना पीव्हीए लावलंत तर पुढच्या कारागिराचं काम चौपट होतं. आणि तोच सांधा नीट साफ करून जोडल्यावरही दुसऱ्यांदा सुटला, तर तिसरा प्रयत्न तुम्ही करू नका.

नेताना सांधा जसा सुटलाय तसाच न्या. उडालेल्या ढलप्या, तुटकी खुंटी, गमाचे पापुद्रे सगळं एका पिशवीत घालून सोबत द्या. आणि रस्त्यात हलू नये म्हणून "थोडासा" गम लावू नका. सुतळीने बांधा.